नाना गप्प होते ती सुट्टी

म्हैसूरला जायचं ठरलं होतं आणि आम्ही गेलो गंगापूरला. गंगापूर म्हणजे आमच्या घरापासून शहर बसने फार तर पाऊण तास. बसमध्ये बसलो, मंजूने खिडकीजवळची जागा पकडली, आणि ती नीट रडून होईपर्यंत उतरायची वेळ झाली. मंजू माझी धाकटी बहीण. तिने वर्गातल्या सगळ्या मुलींना म्हैसूरचा राजवाडा आणि हत्ती बघणार म्हणून सांगून ठेवलं होतं. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते, त्यामुळे मला रडण्याचा अधिकार उरला नव्हता. पण वाईट मलाही वाटत होतं. आमच्या पायाशी दोन वळकट्या, एक स्टोव्ह, पिठाचा डबा आणि पाण्याचा माठ होता. समोरच्या बाकावर आई माठाला हात लावून बसली होती. तिच्या शेजारी नाना, आमचे वडील, होते. एकही शब्द न बोलता बाहेर बघत होते, आणि सगळ्याचं कारण तेच होतं.

नाना गणिताचे शिक्षक. त्यांचा आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलाला झोप लागायची सोय नव्हती. घरी आल्यावरही तो आवाज खाली यायचा नाही. सकाळी ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, वाचता वाचता आईला समजावून सांगत, आणि ते बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाई. भाजीवालीशी भाव करायचा तर नाना गॅलरीतूनच करत. ते फार छान बोलत, नकला करत, पाहुण्यांना हसवून हसवून बेजार करत. त्या वर्षी हिवाळ्यात आवाज बसला तो बसलाच. आधी मिठाच्या गुळण्या झाल्या, मग ज्येष्ठमध, मग कोणी सांगितलेला काढा. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून आत बघितलं आणि सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. शस्त्रक्रियेचं नंतर बघू, आधी संपूर्ण सुट्टीभर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुज तर त्याहून वाईट. नानांनी खुणेने विचारलं, आणि नाहीच बरं झालं तर? डॉक्टर म्हणाले, "तर दुसरं काही काम बघावं लागेल, सर." त्या दिवशी दवाखान्यातून घरी येईपर्यंत आई दोनदा रस्ता चुकली. स्वतःच्याच गावात.

घरात राहून नानांनी गप्प बसणं शक्य नव्हतं. शिकवणीची मुलं, शेजारी, आणि गोदावरीवर काही ना काही विधी करायला आलेले नातेवाईक, असं आमचं घर कायम भरलेलं असे. तेव्हा नानांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील, शंकरराव, स्वतःहून येऊन म्हणाले, "मळ्यातल्या दोन खोल्या मोकळ्याच हायेत, सर. कौलं हायेत, लय गरम नाय व्हत. तिथं तुमच्याशी बोलायला कोणी येत नाय." असं आमचं म्हैसूर ठरलं.

खोल्या द्राक्षाच्या बागेच्या कडेला होत्या. छाटणी होऊन गेली होती आणि वेलींना कोवळी पालवी फुटली होती, त्यामुळे बाग हिरवी होती पण खाण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढे कडुलिंबाचं झाड, त्याखाली एक बाज. थोडं चालत गेलं की कालवा. दूर धरणाची भिंत दिसे, आणि ऊन उतरलं की ती जवळ आल्यासारखी वाटे. करायला काही नव्हतं. सकाळी वीज असेल तेव्हा विहिरीवरची मोटर चालू व्हायची, तिचा आवाज थांबला की कानात एकदम पोकळी व्हायची, आणि मग होले घुमायला लागायचे. दुपारी आम्ही फरशीवर पाणी शिंपडून तिच्यावर लोळायचो. संध्याकाळी कालव्यावर जाऊन पाय सोडून बसायचो. पत्त्यांचे डाव अर्ध्यावर सोडून द्यायचो, कारण हरलं काय अन् जिंकलं काय, उद्याही तेच होतं. आता त्याच रस्त्याला मोठमोठी दुकानं झाली आहेत, आणि पुढे धरणाच्या पाण्याकडेला राहण्याची महागडी ठिकाणं आहेत. माझा जावई मागे एकदा आम्हाला तिथे घेऊन गेला. "काही न करता दोन दिवस नुसतं राहायचं," असं तो कौतुकाने सांगत होता. मला हसू आलं. आम्ही ते फुकट आणि कंटाळत केलं होतं.

नानांना पहिले काही दिवस फार जड गेले. बोलायचं असेल ते लिहून दाखवावं म्हणून पाटी आणली होती. पण गणिताचे मास्तर पाटीवर लिहायला लागले की थांबत नाहीत. दुसऱ्याच दिवशी नाना पाटी भरून लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे, आणि लिहिताना ओठ हलवायचे. ओठांबरोबर घसाही हलत असणार, अशी आईला शंका आली. तिने पाटी काढून मंजूला चित्रं काढायला देऊन टाकली. मग नाना टाळी वाजवायचे. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा. बाकी सगळ्याला मान हलवणं.

नाना गप्प झाल्यावर आमच्या लक्षात आलं की आईही बोलत नाही. म्हणजे ती आधीपासूनच बोलत नव्हती, पण नानांच्या आवाजात ते कधी कळलं नव्हतं. जेवायला या, अंधार पडला, चपला आत घ्या, एवढंच. ते सुद्धा इतक्या स्वच्छ, शहरी मराठीत की आमच्या शेजारच्या बायका म्हणायच्या, तुमचं माहेर पुण्याकडचं का. तिचं माहेर सटाण्याजवळच्या एका खेड्यात होतं. तिथल्या घरात अहिराणी बोलतात, हे मला माहीत होतं. पण आईच्या तोंडून मी अहिराणी ऐकली नव्हती. मामा आमच्या घरी यायचा तो खुर्चीच्या कडेवर बसायचा, चहा प्यायचा, जपून जपून मराठी बोलायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायचा. आम्हाला वाटायचं मामाचा स्वभावच तसा.

तो मामा, हिरामणमामा, एके दिवशी दुपारी मळ्यावर आला. कांदा घेऊन नाशिकच्या बाजारात आला होता, तिथून आमच्या घरी गेला, कुलूप बघून शेजाऱ्यांना विचारत विचारत इकडे पोचला. खांद्यावर अर्धं पोतं कांदे आणि पिशवीत कैऱ्या. आई ओट्यावर गहू पाखडत होती. मामाने लांबूनच हाक मारली, "कशी शे व सुमी?"

आई उठली. सूप हातातच. आणि म्हणाली, "बरी शे दादा. ये ना, बठ आठे."

मी आणि मंजू एकमेकींकडे बघायला लागलो. आवाज आईचाच होता, पण जरा वरच्या पट्टीतला, मोकळा. तिथे कोणी शेजारी नव्हते, खुर्ची नव्हती. मामा मांडी घालून ओट्यावर बसला, आई त्याच्यासमोर, आणि जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. कोणाची म्हैस, कोणाचं लग्न, कोणत्या विहिरीला पाणी लागलं. आई हातवारे करून बोलत होती. मधेच इतकी जोरात हसली की बागेतली गडीमाणसं वळून बघायला लागली. नाना लिंबाखाली बाजेवर पडले होते, तेही उठून बसले.

संध्याकाळी आईने मामासाठी कळण्याच्या भाकरी केल्या, ज्वारी-उडदाच्या. बरोबर हिरव्या मिरचीचा ठेचलेला खुडा आणि कांद्याची पातळ भाजी. आमच्या घरी असं कधी व्हायचं नाही, आमच्याकडे आमटी आणि पोळी. दिवस मावळायला अवकाश होता म्हणून सगळे अंगणातच जेवायला बसलो. मामाने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "मीठ कमी शे व भाजीमा."

आई एकदम हसायला लागली.

इथे मला नानांचा एक किस्सा सांगितला पाहिजे. नानांच्या किश्शांमध्ये तो सगळ्यात गाजलेला. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी घरी जेवायला पंगत होती, नानांच्या शाळेतले लोकही होते. आजोबांनी आत विचारलं, स्वयंपाक झाला का? तर नवी नवरी दारात येऊन म्हणाली, "वरण शे, भात शे, भाजी शे, फक्त मीठ नही शे!" नाना ते डोक्यावरून पदर ओढून, बारीक आवाज काढून असं करून दाखवायचे की लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आमच्या घरी कोणी आलं की ते म्हणायचे, सर, तो मिठाचा किस्सा होऊ द्या. आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. आम्ही मुली हसायचो. मंजूला तर तो पाठ होता.

आई हसत हसत मामाला तेच सांगायला लागली, पण तिच्या बाजूने. तिचं बोलणं मी माझ्या मराठीत लिहिते. तिच्या बोलीत लिहायला गेले तर पानोपानी चुकेन, आणि त्या चुका तिला आवडणार नाहीत. ती म्हणाली, दादा, घरात येऊन मला तिसरा दिवस. मिठाची बरणी कुठे ठेवतात मला ठाऊक नाही. सासूबाई पूजेत. आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, बघ तिथेच असेल. मी सगळी फडताळं उघडली. वरणात मीठ नाही, भाजीत नाही, आणि बाहेर पानं मांडलेली. मग मामंजींनी विचारलं तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता कोणीतरी देईल. म्हणून दारात जाऊन सांगितलं. तर सगळे हसायलाच लागले. हे पण हसले. यांनी तर लगेच माझ्यासारखं करूनही दाखवलं. मी उभीच. मला कळेना काय चुकलं. हसून झाल्यावर सगळे जेवायला बसले. भाजी अळणी आहे म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, शिकेल हळूहळू.

इथपर्यंत ती हसतच होती. मग भाकरीचा तुकडा ताटात ठेवून म्हणाली, "मीठ कोनीच दिधं नही, दादा."

नाना ताट सरकवून उठले आणि कालव्याच्या दिशेने चालायला लागले.

मामाने त्याच्या बोलीत विचारलं, "काय झालं? पाव्हण्यांना राग आला का?" आई म्हणाली, "नाही दादा, तुम्ही जेवा. भाकरी वाढू का?" हे मात्र मराठीत, आमच्या घरातल्या मराठीत. 'तू'चं 'तुम्ही' झालं होतं. एका क्षणात ती भाषा बदलते हे मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते बघून मला कसंतरी झालं. मी हात धुतले आणि नानांच्या मागे गेले.

नाना कालव्याच्या काठावर बसले होते. पाणी सोडलेलं होतं, भरून वाहत होतं. मी शेजारी जाऊन बसले. मला वाटलं होतं ते रागावले असतील. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा तसं नव्हतं. नाना रडताना मी कधी बघितले नव्हते, आणि ते रडत होते असंही नाही, पण त्यांचा चेहरा जागेवर राहत नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. घशातून खरखर आली, पोतं ओढल्यासारखी, आणि तिच्यात एक शब्द होता, "मला..."

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "नाना, नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

मी वडिलांच्या चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता. दाढी टोचली. त्यांनी माझा हात तिथेच धरून ठेवला आणि मान हलवत राहिले. मला कळलं ते एवढंच, की त्यांना ताबडतोब काहीतरी सांगायचं होतं, आणि ज्या माणसाला आयुष्यात कधी शब्द कमी पडले नाहीत त्याच्याजवळ त्या वेळी एकही नव्हता. आम्ही ऊन पूर्ण जाईपर्यंत बसलो आणि परत आलो.

मामा बाजेवर आडवा झाला होता. मंजू त्याच्याकडून कोडी ऐकत होती. आई आत भांडी आवरत होती. नाना आत गेले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. एरवी ते स्वयंपाकाच्या जागेत यायचे नाहीत. मी दारात थांबले.

आई म्हणाली, "बोलू नका. इतके दिवस पाळलंय, आता घालवू नका." नाना बसूनच राहिले. "मी रागावलेली नाही," ती म्हणाली. "फार जुनं झालं ते. आज विषय निघाला म्हणून." नानांनी नाही अशी मान हलवली. "मग काय हवंय?" नानांनी तिच्याकडे बोट दाखवलं, आणि मग स्वतःच्या कानाकडे.

आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "कळेल का तुम्हाला? मधे थांबवून विचारता यायचं नाही."

नानांनी हो अशी मान हलवली.

"आणि हसायचं नाही, असं मी म्हणणार नाही," आई म्हणाली. "हसण्यासारखं असेल तिथे हसा."

दुसऱ्या दिवशी मामा गेला, आणि त्या दुपारपासून आई अहिराणीत बोलायला लागली. सुरुवातीला अडखळत, आमच्याकडे बघत बघत, कारण आम्हालाही अर्धं कळत नव्हतं. मग आमची तमा सोडून दिली. जेवणं झाली की ती भिंतीला टेकून पाय पसरून बसायची, नाना समोर, मंजू तिच्या मांडीवर. बोलता बोलता ती कैऱ्यांच्या फोडी करायची. शब्द अडला तर मी विचारायचे, आणि नाना माझ्याकडे असे बघायचे की बरं झालं विचारलंस. तिच्याकडून आम्हाला जे कळलं त्यातलं काहीच मोठं नव्हतं. तिच्या वडिलांनी तिला सातवीपर्यंत शिकवलं. शाळेत ती पहिली यायची. गावात वर्तमानपत्र एकच यायचं, तेही दुसऱ्या दिवशीचं, आणि पारावर बसून ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं काम तिचं होतं. म्हातारी माणसं ऐकायला यायची. मधे कोणी बोललं तर ती वाचायची थांबायची, आणि लोक त्या माणसाला गप्प करायचे.

हे ऐकल्यावर नानांनी मान खाली घातली. रोज सकाळी ते तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, अवघड शब्दांचे अर्थ सांगत होते. ती ऐकून घेत होती. शंकरराव दुपारी गावातून येताना पेपर आणायचे. त्या दिवशी पेपर आला तसा नानांनी तो घेतला आणि उघडलाही नाही, आईच्या हातात दिला. तिने पदराने हात पुसले आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सरळ, न थांबता, लांबच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. शंकरराव जायला निघाले होते ते ओट्यावर टेकले. नंतर रोजच टेकायला लागले. "वैनी वाचित्यात ते डोक्यात बसतं," म्हणायचे.

ती सुट्टी मला आता लांबच लांब आठवते, तिचे दिवस वेगळे काढता येत नाहीत. फोडींचा आंबट वास, ओली फरशी, आईचा आवाज आणि नानांचं गप्प बसणं. सुरुवातीचं त्यांचं गप्प बसणं सक्तीचं होतं, दातओठ खाऊन केलेलं. पुढे पुढे ते तसं राहिलं नाही. टाळ्याही कमी झाल्या. पाणी हवं असेल तर ते उठून घ्यायला लागले. मंजूने म्हैसूरचं नाव काढणं कधी बंद केलं, आमच्या लक्षात आलं नाही.

शाळा उघडायच्या आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुन्हा आरसा घातला, आ करायला लावलं. गाठी पूर्ण गेल्या नव्हत्या पण खूप लहान झाल्या होत्या. बोलायला हरकत नाही म्हणाले, पण जपून, आणि ओरडायचं कायमचं बंद. परत आलेला आवाज पहिल्यासारखा नव्हता. खोल, फाटका, आणि निम्मा. त्या आवाजात नानांनी पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवलं. त्यांचे विद्यार्थी अजून भेटतात. ते सांगतात, सरांच्या तासाला टाचणी पडली तर ऐकू यायची, नाहीतर सर ऐकू आले नसते. मला वाटतं डॉक्टरांनी तेवढं म्हटलं नसतं तरी नाना फार मोठ्याने बोलले नसते. पण ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

आम्ही शहरात परतल्याला आठवडा झाला नसेल, नानांच्या आवाजाची चौकशी करायला शाळेतली मंडळी आली. त्यात पाटणकर सर होते. त्या पहिल्या पंगतीला हजर असलेले, मोठे हौशी. नानांनी दोनचार वाक्यं बोलून दाखवली, सगळ्यांनी हायसं वाटल्याचं सांगितलं. मंजू मधे बसली होती. पाटणकर सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "चला, आवाज आला ना? मग आता मिठाचा किस्सा होऊन जाऊ द्या. फार दिवस झाले."

दोघेतिघे आधीच हसायला लागले. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. माझ्या मागे आई होती.

नाना म्हणाले, "तो मी चुकीचा सांगत होतो."

"म्हणजे?" पाटणकर सर हसतच होते.

"त्या दिवशी तिने मीठ मागितलं होतं," नाना त्या फाटक्या आवाजात म्हणाले. ऐकू यावं म्हणून सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "तिला बरणी सापडत नव्हती. आपण सगळे हसत बसलो. तुम्ही होतात, मी होतो. कोणी उठून दिलं नाही."

एकाने घसा खाकरला. पाटणकर सर मंजूच्या डोक्यावर उगाच हात फिरवत राहिले. मी तशीच उभी होते, तेव्हा आईने माझ्या हातातून ट्रे घेतला. ती बाहेर गेली, प्रत्येकाच्या समोर कप ठेवला, शेवटचा नानांच्या समोर. आणि सगळ्यांच्या देखत, जशी ती गंगापूरच्या ओट्यावर बोलायची तशी, म्हणाली, "प्या आते. थंडा व्हई जाई."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी कप उचलले. आई परत आत आली नाही. कोपऱ्यातली रिकामी खुर्ची ओढली आणि तिथेच बसली.